उजेडाचा अर्ज

मी नोकरीत अर्ज पुष्कळ लिहिले. रजेचे, बदलीचे, मोडक्या खुर्चीचे. त्यातले बहुतेक नामंजूर झाले, आणि त्याबद्दल माझं कुणाशी वैर नाही. माझं दुखणं आहे ते मंजूर झालेल्या एकाच अर्जाचं. तो मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी लिहिला. अक्षर सुंदर होतं, भाषा त्याहून सुंदर होती, आणि लिहिताना मी स्वतःवरच इतका खूश झालो होतो की दोनदा आरशात बघून आलो.

तेव्हाचं औरंगाबाद. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्यालाही बरीच वर्षं होऊन गेली होती. कारभार मराठीत आला होता, पाट्या बदलल्या होत्या, शिक्के बदलले होते. पण जमिनींचे जुने कागद होते तसेच उर्दूत बसून होते. कन्नड तालुक्यातल्या माणसाला आपल्या आज्याच्या नावावर कोणतं शेत होतं हे पाहिजे असलं, बिडकीनच्या दोन भावांचा विहिरीवरून वाद झाला, की कागद निघायचा तो आमच्याच दफ्तरखान्यातून. आणि तो वाचायला माणूस एकच. त्यांना सगळे मुन्शीजी म्हणत.

दफ्तरखाना म्हणजे निजामाच्या काळातली एक लांबच लांब दगडी खोली. भिंती हातभर जाड. दोन्ही बाजूंनी छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर लाल कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. त्यांना बस्ते म्हणायचं. आगीच्या भीतीनं आत दिवा न्यायला पूर्वीपासून मनाई. वीज आली तेव्हा ती दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. दारावर एक पिवळा बल्ब, त्याच्याखाली माझं टेबल. आणि पार दुसऱ्या टोकाला, पूर्वेच्या भिंतीत, एक मोठी गजांची खिडकी. खिडकीला लागून मुन्शीजींचं टेबल. मधली सगळी खोली काळोखाची.

त्या काळोखात मी काय काय पराक्रम केले! रुजू झाल्याच्या दिवशी साहेबांच्या ड्रायव्हरला वाकून नमस्कार केला आणि मागून आलेल्या साहेबांना म्हणालो, "ओ, बाहेर थांबा, साहेब बोलतायत." एकदा शिपायाच्या डब्यावर बसलो. एकदा सगळ्या नकलांवर शिक्के उलटे मारले आणि दुपारी तीन वाजता उजेडात नेल्यावर ते कळलं. शिपाई फर्दापूरकडचा, धनगराच्या घरातला, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. तो म्हणाला, "बाबूजी, आमच्याकडं बकरू असं ठेचकाळाय लागलं तर इकून टाकतेत."

मुन्शीजी मात्र त्या खोलीत राजासारखे होते. कन्नडकडच्या जमीनदार घरातले, उर्दूत शिकलेले. आमच्या भागात त्या पिढीची अशी माणसं खूप होती: घरी मराठी, शाळेत उर्दू, आणि बोलताना दोन्हींची खिचडी. शिकस्ता म्हणून एक घाईची लिपी असते. अक्षरं अर्धीच काढलेली, नुक्ते म्हणजे टिंबं गायब, एका शब्दाची शेपटी दुसऱ्याच्या गळ्यात. ती मुन्शीजी वर्तमानपत्रासारखी वाचायचे. मराठी मात्र बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून. म्हणून कचेरीतले मराठी कागद मी त्यांना वाचून दाखवायचो. ते आले की आधी शेरवानी काढून खुंटीला टांगायचे, सदऱ्याच्या बाह्या वर करायचे आणि खिडकीकडे बघून म्हणायचे, "हं, चला."

त्यांची कामाची रीत कोणत्याही पुस्तकात नव्हती. जुनी शाई उडून तपकिरी झालेली, कागद पिकून पिवळा झालेला. तो कागद ते उजेडात सपाट कधीच धरत नसत. खिडकीच्या चौकटीला एक कड टेकवायचे आणि हळूहळू कलता करायचे. उजेड त्यावरून सरपटत गेला की जिथं काहीच नव्हतं तिथं बोरूनं दाबलेली रेघ उठून यायची. मला म्हणायचे, "कागदावर उजेड पाडायचा नसतो रे. त्याच्या कडेकडेनं जाऊ द्यायचा. मग तो आपसूक बोलतो."

आणि ते बस्ते गावाप्रमाणे लावत नसत, उजेडाप्रमाणे लावत. खिडकीशी तीन ढीग असायचे. पहिला साडेदहाचा: अगदी फिकट कागद, कारण साडेदहाला ऊन खिडकीतून तिरपं यायचं. दुसरा दुपारचा. तिसरा ढगाळ दिवसातही चालेल असा. मी नवा, शहाणा. पहिल्याच महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी येऊन ते तिन्ही ढीग मोडले आणि गावांच्या नावाप्रमाणे लावून ठेवले. सोमवारी मुन्शीजी बराच वेळ त्या नीटनेटक्या ढिगांकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "मियाँ, तुम्ही तर माझं घड्याळच उलगडून धुतलं." रागावले नाहीत. आठवडाभर बसून पुन्हा लावले.

खिडकीबाहेर अंगण होतं आणि अंगणात कडुलिंबाचं झाड. कागदासाठी आलेले लोक झाडाखाली बसायचे. खिडकीचा बाहेरचा दगडी ओटा इतका रुंद, की म्हातारी माणसं त्यावर मांडी घालून गजांना पाठ टेकायची. मुन्शीजी आतून मोठ्यानं वाचायचे आणि बाहेरचा माणूस ऐकायचा. एकदा बिडकीनची एक बाई आली होती. मुन्शीजींनी तिच्या आजेसासऱ्याचं नाव वाचलं, मग शेताचं, मग शेतातल्या दोन आंब्यांचं. बाई म्हणाली, "आंबे बी लिवलेत?" मुन्शीजी म्हणाले, "व्हय बाई, एक मोठा आणि एक कलता." ती हसायलाच लागली. "कलताच हाय वो अजून!" मुन्शीजींनी कागद पुन्हा कलता केला आणि तिला गजांमधून ती ओळ दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं बोट लावून बघितलं.

हे सगळं मी माझ्या बल्बाखालून लांबून बघायचो आणि जळायचो. मला एखादी नोंद नीट बघायची तर बस्ता घेऊन खिडकीशी जावं लागे. तिथं मुन्शीजी म्हणायचे, "थांब, आधी फिकट." आणि मी उभा. आपल्यालाही उजेड पाहिजे, हक्काचा, कुणाच्या मेहेरबानीचा नाही, असं माझ्या मनानं घेतलं. खरं सांगायचं तर ट्यूबलाइट मंजूर झाल्या तर सोबत एखादा पंखाही येईल, असाही हिशेब होता. शहागंजच्या एका दुकानात तेव्हा नव्या ट्यूब लागल्या होत्या. संध्याकाळी लोक त्या बघायला थांबायचे, मीही थांबायचो. दुकानदार पांढराशुभ्र दिसायचा, देवासारखा. तो दुकानाबाहेर मात्र भलताच सावळा होता, हे मी पाहिलं होतं. त्यावर विचार करायला हवा होता.

अर्ज लिहिला. अपुऱ्या उजेडामुळे कर्मचाऱ्यांच्या दृष्टीवर परिणाम होतो वगैरे सरळ मजकूर झाल्यावर मला तो फिका वाटला. साहेबांना माणसाच्या डोळ्यांचं काय पडलंय, सरकारी कागदाचं काहीतरी घातलं पाहिजे. म्हणून मी एक वाक्य जोडलं: "तसेच खिडकीतून येणाऱ्या प्रखर सूर्यप्रकाशाचे किरण सदर अभिलेखांची शाई भक्षण करीत असल्याने शासनाची अपरिमित हानी होत आहे." हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी कुठं वाचलं नव्हतं. थाप होती. पण "भक्षण करीत असल्याने" यावर मी इतका भाळलो होतो की तो मजकूर काढायला कुणी माझा हात तोडला असता तरी मी काढला नसता.

दफ्तरखान्यातले ज्येष्ठ म्हणून अर्जावर मुन्शीजींची सही हवी होती. मी तो त्यांना वाचून दाखवला. त्या वाक्याशी आलो आणि ते गाळून पुढं गेलो. का गाळलं? फसवायचं म्हणून नव्हे. ते हसतील म्हणून. "किरण शाई खातेत? मग त्यांना दात बी असतील," असं ते म्हणतील आणि शिपाई चार दिवस मला दातांवरून चिडवील, एवढीच भीती. मुन्शीजींनी ऐकून घेतलं. "चांगलं लिहितोस," म्हणाले. "तुला तिथं लई अंधार पडतो, मला ठाऊक आहे." आणि त्यांची ती उर्दू सही केली, वेलीसारखी.

अर्ज वर गेला. आठ-नऊ महिने काही नाही. मी विसरलो. मग नवे साहेब आले. कामसू माणूस, प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचणारा. सरकारी नोकरीत असा माणूस फार क्वचित भेटतो आणि भेटतो तेव्हा तो नेमका आपलाच अर्ज वाचतो.

एका सकाळी अंगणात विटा येऊन पडल्या. आदेश माझ्याकडे आला: सहा ट्यूब मंजूर, आणि अर्जात नमूद केल्याप्रमाणे अभिलेखांचे सूर्यप्रकाशापासून रक्षण करण्यासाठी पूर्वेकडील खिडकी बुजवण्यात यावी. पंखा नाही. मी तो आदेश तीनदा वाचला आणि फाईलमध्ये ठेवून दिला. मुन्शीजींना वाचून दाखवायचं काम माझंच होतं. मी दाखवला नाही.

गवंडी आले. मुन्शीजींना वाटलं चौकट दुरुस्त करतायत. चौकट जुनीच होती, वाळवी लागलेली. त्यांनी स्वतः टेबल मागं सरकवायला मदत केली. गवंड्यांना स्वतःच्या पैशानं चहा पाजला. "गज हलतेत थोडे, नीट बसवा बाबांनो," असं बजावून सांगितलं. गवंडी माझ्याकडे बघायला लागले, मी रजिस्टरात बघायला लागलो. दुसऱ्या दिवशी विटा गुडघ्यापर्यंत आल्या. मुन्शीजी म्हणाले, "ओटा उंच करतेत काय?" तिसऱ्या दिवशी छातीपर्यंत आल्या. ते माझ्यापाशी आले.

"हे काय चाललंय रे?"

"धुळीसाठी असंल," मी म्हणालो.

ते परत गेले आणि उरलेल्या हातभर उजेडात दुपारपर्यंत वाचत बसले. टाचा उंच करून, कागद डोक्याच्या वर धरून. शेवटची वीट बसली तेव्हा शिपायानं त्यांचा हात धरून त्यांना टेबलापर्यंत आणलं, कारण ट्यूब अजून लागायच्या होत्या.

ट्यूब लागल्या. साहेबांनी बटण दाबलं. त्या दोनदा लुकलुकल्या, थांबल्या, पुन्हा लुकलुकल्या आणि लागल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिला मी.

आठ दिवस मी खूश होतो. माझं टेबल दिसत होतं, माझी नखं दिसत होती. नंतर लक्षात यायला लागलं की तो उजेड हलत नाही. साडेदहाला जसा, तसाच एक वाजता, तसाच पाच वाजता. खोलीत सकाळ होत नव्हती आणि संध्याकाळ होत नव्हती. सगळ्यांचे चेहरे एकाच तापातून उठल्यासारखे दिसायचे. ट्यूबांच्या चोकचा बारीक गुणगुण आवाज दिवसभर डोक्यात घुमायचा. घरी जेवतानाही कानाला तो ऐकू यायचाच. सहातली एक ट्यूब, बरोबर मुन्शीजींच्या डोक्यावरची, थोडी थरथरायची. बदलली तर नवीही तिथं थरथरायची.

आणि ते फिकट कागद. वरून सपाट पांढरा उजेड पडला की तपकिरी शाई आणि पिवळा कागद एक होऊन जायचे. कलतं करायला कडच नव्हती. उजेड सगळीकडून सारखाच. मुन्शीजी कागद फिरवायचे, जवळ न्यायचे, लांब न्यायचे. मग खाली ठेवून पुढचा घ्यायचे. साडेदहाचा ढीग जिथल्या तिथं राहिला. त्यावर धूळ बसली.

लोक आता दारातून आत यायचे, आमच्यासमोर उभे राहायचे आणि तारीख घेऊन जायचे. खिडकीतून होणाऱ्या गप्पा गेल्या. मुन्शीजींनी आधी शेरवानी काढणं सोडलं. मग बाह्या वर करणं. मग चहाला बाहेर येणं. दर थोड्या वेळानं विचारायचे, "किती वाजले?" मी सांगायचो. दहा मिनिटांनी पुन्हा. एकदा शिपाई वैतागून म्हणाला, "मुन्शीजी, घड्याळ पुढंच हाय की तुमच्या." ते म्हणाले, "घड्याळ दिसतंय रे. पण वाजले किती?"

ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. चष्मा बदलला. दोन महिन्यांनी पुन्हा बदलला. तिसऱ्या वेळी डॉक्टरनं सांगितलं, वयाच्या मानानं डोळे उत्तम आहेत. या बातमीनं माणूस खूश होईल की नाही? मुन्शीजी त्या दिवशी खुर्चीत बसून राहिले आणि मला म्हणाले, "आँखें अच्छी हैं बोलते. मग डोस्कंच गेलं असणार. आमच्या चुलत्याचं गेलं होतं असंच."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. डोळे चांगले आहेत, डोकं चांगलं आहे, उजेड वाईट आहे, आणि तो मी आणला आहे. चार वाक्यं. मी काय म्हणालो? "विश्रांती घ्या, मुन्शीजी."

माझंही काही बरं चाललं होतं असं नाही. पण माझ्या बाबतीत जे होतं ते हास्यास्पदच होतं. एका टाचणीवरून मी शिपायाशी इतका भांडलो की त्यानं मला टाचण्यांची अख्खी डबी आणून दिली. एकदा दुपारी डिंकाची बाटली वाळलेली निघाली आणि मला रडू यायला लागलं. डिंकासाठी! मोठा बाप्या, लग्न झालेला, आणि रजिस्टराच्या आड तोंड लपवून रडतोय. रात्री झोप नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही. रविवारी खाम नदीच्या काठानं उन्हात हिंडून आलो की बरं वाटायचं, आणि सोमवारी दार उघडलं की पुन्हा तेच. डॉक्टरनं टॉनिक दिलं. लोहाचं. त्यानं फक्त दात काळे झाले. आम्ही सगळे त्याला "मन लागत नाही" एवढंच म्हणायचो. दिव्यानं माणसाचं मन जातं, असं म्हणायची हिंमत कुणाची होती? तेसुद्धा आपणच मागून घेतलेल्या दिव्यानं!

शेवटी धीर करून मी दुसरा अर्ज केला: खिडकी पुन्हा उघडावी. या वेळी भाषा साधी होती, म्हणूनच कदाचित काही झालं नाही. साहेबांनी बोलावलं. सज्जनपणे बसवून घेतलं.

"अहो, तुम्हीच लिहिलं होतं ना, किरणांनी शाई जाते म्हणून? मी मुद्दाम जाणकारांकडून खात्री करून घेतली. अगदी बरोबर आहे तुमचं. उन्हानं शाई उडतेच. मला तर तुमचं कौतुक वाटलं होतं."

मी थक्क झालो. आयुष्यात मारलेली एकच शास्त्रीय थाप, आणि ती खरी निघाली. खोटी असती तर माफी मागून मागं घेतली असती. खऱ्या गोष्टीचं काय करणार?

"पण वाचता येत नाही, साहेब," मी म्हणालो.

"कागद तर राहतील ना," ते म्हणाले. "वाचणारे येतील पुढं कुणीतरी."

हे मी शिपायाला सांगितलं. तो म्हणाला, "आमच्यात मेंढरू मलूल झालं तर आधी त्याला उन्हात आणून बांधतेत. औषधपाणी मागनं. तुम्ही म्हातारबाला बाहेर तरी काढा एकदा."

बाहेर काढायचं म्हणजे कागदासकट. दफ्तरखान्याचा कागद उंबऱ्याबाहेर नेणं हा तेव्हा मोठा गुन्हा. तरी ठरवलं. एकदा का उन्हात मुन्शीजींनी तो साडेदहाच्या ढिगातला कागद घडाघडा वाचला, की त्यांना कळेल आपलं काही गेलेलं नाही. मग आम्ही दोघं मिळून साहेबांपुढं जाऊ, तिथंच वाचून दाखवू. त्याच महिन्यात मुन्शीजींची तपासणी व्हायची होती, कामाला लायक आहेत की नाहीत याची. तिथं त्यांनी स्वतःच "मला दिसत नाही" म्हटलं असतं तर संपलं असतं. म्हणून घाई होती.

साहेब दौऱ्यावर गेले त्या सकाळी मी एक बस्ता टॉवेलात गुंडाळला. तोही बिडकीनचा निघाला. शिपाई पहाऱ्याला उभा राहिला, म्हणजे दारात उभा राहून मोठमोठ्यानं खोकायला लागला, त्यामुळे ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांचंही गेलं. मी मुन्शीजींना हाताला धरून अंगणात आणलं आणि त्या खिडकीच्या ओट्यावर बसवलं. त्यांच्या पाठीशी विटा. साडेदहा झाले होते. ऊन तिरपं येत होतं, लिंबाच्या पानांतून. मुन्शीजींनी डोळे मिटून घेतले, तोंड वर केलं.

मी बस्त्याची गाठ सोडली. एक फिकट कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"वाचा," म्हणालो.

त्यांनी कागदाला हात लावला नाही. तेव्हा मला काय झालं कोण जाणे, मी सगळं ओकून टाकलं. अर्ज, ते वाक्य, वाचताना गाळलं ते, आदेश दाबून ठेवला ते, धूळ म्हणालो ते.

मुन्शीजी ऐकत होते. मग म्हणाले, "ठाऊक आहे मला."

"कसं?"

"मला मराठी येतं रे. हळू येतं एवढंच. भिंत झाली त्या दिवशी फाईल काढली. चार दिवस लागले. ते 'भक्षण' लई अवघड गेलं."

वर्षभर! वर्षभर त्यांना माहीत होतं आणि ते मला वेळ विचारत होते.

"मग बोलला का नाहीत मला?"

"काय बोलू? सही माझी होती."

दारात शिपायाचा खोकला थांबला होता. मी म्हणालो, "मुन्शीजी, तुमचे डोळे चांगले आहेत. इथं बघा. नुसतं कलतं करा. एक ओळ वाचा."

त्यांनी कागद उचलला. मला वाटलं आता वाचतील. त्यांचा हात सवयीनं वळलाही, ऊन कडेला घ्यायला. आणि मग त्यांनी तो उलटा करून माझ्या हातात दिला, मजकूर खाली.

"राहू दे," म्हणाले. "दिसत नाही असं धरून चाललोय तोवर बरंय. इथं वाचता आलं तर पुन्हा आत कसा जाऊ?"

मी कागद पुन्हा बस्त्यात बांधला. मग ते स्वतःच उठले आणि भिंतीला हात लावत लावत आत गेले. दिवसाउजेडी, भिंतीला हात लावत.

तपासणीत त्यांनी सांगितलं, दिसत नाही. मी कागद बाहेर नेल्याचं कुणी वर कळवलं नाही. कळवलं असतं तर बरं झालं असतं, निदान मला काहीतरी शिक्षा झाली असती. मुन्शीजी कन्नडला गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी कित्येक महिन्यांनी काढलेली शेरवानी खुंटीवरच राहिली, तीन महिन्यांनी शिपायानं एका एसटीवाल्याबरोबर पाठवून दिली. पुढं एकदा शिपाई तिकडं कुणाच्या लग्नाला गेला तेव्हा त्यांच्या घरी जाऊन आला.

"कसे आहेत?" मी विचारलं.

"मधल्या घरात बसतेत," तो म्हणाला. "ओसरीवर चला म्हणलं, तर नको म्हणले. लई ऊन असतं म्हणले."

मी दोन पत्रं लिहिली, साध्या भाषेत, मोठ्या अक्षरात, त्यांना लावायला सोपं जावं म्हणून. उत्तर आलं नाही. मग एका वर्षी ते गेल्याचं कळलं, तेही कागदासाठी आलेल्या कन्नडच्या एका माणसाकडून, सहज.

त्यांचं टेबल मला मिळालं. त्या थरथरत्या ट्यूबखाली मी उरलेली नोकरी काढली. उर्दू शिकायचं मनात होतं, दोनदा सुरुवात केली, अलिफ-बे पलीकडे गेलो नाही. तसंही त्या उजेडात शिकून वाचलं काय असतं? लोक यायचे, तारखा घ्यायचे, कंटाळून जायचे. तपासणीला येणारे अधिकारी मात्र खूश व्हायचे. बस्ते उघडून म्हणायचे, वा, किती छान राहिलेत कागद. खरंच छान राहिले होते. पुढं मी तिथला मुख्य झालो. खिडकी उघडण्याचा प्रस्ताव पाठवणं माझ्या अधिकारात आलं. किती मसुदे केले! प्रत्येकात मला माझ्याच त्या वाक्याचं खंडन करावं लागायचं आणि ते खंडन मला कधी जमलं नाही. नंतर नंतर मसुदे करणंही सोडलं. घरी बायको पडदे बाजूला सारायची आणि मी पुन्हा ओढून घ्यायचो. तिनं कधी विचारलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी सकाळी लवकर गेलो. आत न जाता आधी अंगणात गेलो. लिंब होता. ओटा होता. ऊन बरोबर त्या विटांवर आलं होतं, तिरपं, कडेकडेनं, आणि विटांमधली चुन्याची एक एक रेघ उठून दिसत होती. ओट्यावर बसलो. पाच मिनिटांत डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, भावूक झाले. तसलं काही नव्हतं. उजेड सहन होत नव्हता.

मग उठलो आणि आत गेलो. आत बरं वाटलं.

अकराला समारंभ झाला. नव्या साहेबांनी भाषणात माझी फाईल चाळून आणलेली सगळी माहिती सांगितली. म्हणाले, या दफ्तरखान्यात वीज आणि अभिलेखांचं संरक्षण, दोन्ही यांच्या एका अर्जामुळे झालं. टाळ्या झाल्या. मला दोन शब्द बोलायला उभं केलं. वर ट्यूब थरथरत होती. मी म्हणालो, "आभारी आहे," आणि खाली बसलो.